प्रवासात मुलाला जुलाब झाले तर



मी सातवीपर्यंत शिकलेली. व्याख्यान मला जमायचे नाही. पण सुट्टीत आपण सगळ्याच मुलाबाळांना घेऊन देवदर्शनाला निघतो, म्हणून अनुभवाचे चार शब्द सांगते.

गेल्या मे महिन्यात आम्ही तुळजापूरला गेलो होतो. धर्मशाळेत धाकट्या जाऊबाईंच्या तीन वर्षांच्या मुलाला जुलाब सुरू झाले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पाणी देऊ नका, जुलाब वाढतील." मी मात्र पाणी थांबवू दिले नाही. अंगातले पाणी आटले म्हणजेच मुलाच्या जिवाला धोका होतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घातले व ते घोटघोट पाजत राहिले. सायंकाळी त्याला लघवी झाली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून पटकीच्या कितीतरी रोग्यांना वाचवले.

तेव्हा भगिनींनो, निघताना ओआरएसच्या दोन पुड्या पिशवीत घाला. अंगावरचे दूध, मऊ भात बंद करू नका. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्तावले किंवा शौचात रक्त दिसले, तर रांग सोडून आधी डॉक्टर गाठा. आई भवानी रागवायची नाही!