भीती कोणासाठी वाटते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या या व्यासपीठावर दरवर्षी आरोग्य, मुलांचे संगोपन, घरखर्च अशा विषयांवर कोणी ना कोणी बोलते. यंदा माझ्या वाट्याला विषय आला आहे तो आल्फ्रेड हिचकॉक या रहस्यपटांच्या दिग्दर्शकाचा. त्याला कारणही तसेच आहे. मंडळाच्या शनिवारच्या खेळांत या गृहस्थांचे ‘रिअर विंडो’ आणि ‘सायको’ असे दोन बोलपट आपण पाहिले, आणि आपल्यात सरळ दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, इतका रंगलेला खेळ कधी पाहिला नव्हता. काही जणी म्हणाल्या, बायकांना मारण्याची चित्रे बायकांच्याच मंडळात हवीत कशाला? पुढील वर्षी यांची आणखी चित्रे लावायची की नाही, हे आता कार्यकारिणीला ठरवायचे आहे. म्हणून दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट मांडावे आणि मला काय वाटते तेही सांगावे, असे मी योजले आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी मला येत नाही. मंडळात पाहिलेल्या दोन चित्रांखेरीज आणखी काही मी घरी पाहिली, तेव्हा माझी थोरली मुलगी शेजारी बसून अर्थ सांगत होती. पुस्तकांतले उतारेही तिनेच वाचून समजावून दिले. पण एक सांगते, अर्धे चित्र तिने न सांगताच मला कळत होते. हिचकॉक मूकपटांच्या काळात शिकून तयार झालेले. त्यामुळे हातातली किल्ली, टेबलावरचा पेला, जिन्यावरची सावली यांतूनच ते गोष्ट सांगतात. तिथे भाषेची अडचण येत नाही.

प्रथम थोडी माहिती. हिचकॉक यांचा जन्म 13 ऑगस्ट 1899 रोजी लंडनच्या लेटनस्टोन भागात झाला. वडिलांचे भाजीफळांचे दुकान होते. 1925 साली ‘द प्लेझर गार्डन’ या मूकपटापासून ते दिग्दर्शक झाले, 1939 साली अमेरिकेत गेले आणि 1976 सालच्या ‘फॅमिली प्लॉट’पर्यंत पन्नासांहून अधिक चित्रपट त्यांनी केले. 29 एप्रिल 1980 रोजी ते वारले. आपल्याकडेही त्यांची सावली पडलेली आहे. ज्या ‘रिबेका’ कादंबरीवर त्यांनी 1940 साली चित्रपट केला, तिच्याच आधाराने 1964 साली हिंदीत ‘कोहरा’ निघाला, आणि त्यातील त्या करड्या दाईच्या भूमिकेत आपल्या ललिता पवार होत्या. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल.

आता मतभेदांकडे वळते. आपल्याकडे दोन तट पडले यात नवल नाही. मोठमोठ्या जाणकारांतही गेली कित्येक दशके हेच चालले आहे. हिचकॉक हयात असताना बरेच टीकाकार म्हणत, हा माणूस हुशार कारागीर आहे, प्रेक्षकांना घाबरवून पैसे मिळवतो, पण यात खोल असे काही नाही. ऑस्करसाठी उत्कृष्ट दिग्दर्शक म्हणून पाच वेळा त्यांचे नाव पुढे आले, पण तो मान एकदाही मिळाला नाही. उलट फ्रान्समधले तरुण समीक्षक म्हणू लागले, की हा तर मोठा कलावंत आहे. त्यांपैकी रोमेर आणि शाब्रोल यांनी 1957 साली त्यांच्यावर पुस्तकच लिहिले. त्रुफो यांनी 1962 साली त्यांची दीर्घ मुलाखत घेतली आणि 1966 साली तिचे पुस्तक झाले.

एकाच चित्राविषयी काळ बदलला तसे मतही कसे बदलले, ते पाहा. 1958 सालच्या ‘व्हर्टिगो’चे स्वागत बेताचेच झाले होते. ‘साइट अँड साउंड’ नावाचे ब्रिटिश मासिक 1952 सालापासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. त्यात 1982 साली ‘व्हर्टिगो’ पहिल्या दहांत आला, आणि 2012 साली तर सर्वांत श्रेष्ठ चित्रपट ठरला! 2022 साली तो दुसरा झाला. पहिला आला तो शांताल आकेरमान या बाईंचा ‘जान दिलमान’. त्यात एका विधवा गृहिणीचे तीन दिवस दाखवले आहेत. ती बटाटे सोलते तेही सावकाश, पुरतेपणी. चित्र तेच राहते, पाहणारे बदलतात. म्हणून अमक्या मोठ्याने चांगले म्हटले तेवढ्यावरून आपण मान डोलवण्याचे कारण नाही, आणि नाक मुरडण्याचेही नाही.

भक्त मंडळी कधी कधी अतिरेकही करतात. 1964 सालच्या ‘मार्नी’त बंदराचा देखावा रंगवलेला आहे, हे लहान मुलालाही कळते. विरोधक म्हणतात, हा निष्काळजीपणा. भक्त म्हणतात, नायिकेचे मन दाखवण्यासाठी मुद्दाम तसे केले. आवडत्या माणसाच्या भाजीत मीठ जास्त पडले तरी ‘चव आली’ म्हणण्यासारखेच हे.

मग आपण पारखावे कशाने? मापही हिचकॉक यांच्याच एका दृष्टांतात मला सापडले. त्रुफो यांच्याशी बोलताना त्यांनी सांगितले, की दोन माणसे टेबलाशी गप्पा मारीत आहेत आणि एकाएकी खाली ठेवलेला बाँब उडाला, तर प्रेक्षकांना काही सेकंदांचा धक्का बसतो. पण बाँब आहे हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक असेल आणि त्या माणसांना नसेल, तर त्याच गप्पांत पंधरा मिनिटे जीव टांगणीला लागतो. आपल्या भाषेत सांगायचे तर, समोरच्या गच्चीच्या कठड्यावरून मूल वाकलेले आपल्याला दिसते आहे, त्याची आई आत भाकरी थापते आहे, आणि आपली हाक तिथवर पोचत नाही. धक्का आणि उत्कंठा यांत हा फरक आहे. उत्कंठेत आपल्याला कोणाची तरी काळजी वाटावी लागते.

म्हणून मी प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारते, इथे माझा जीव कोणासाठी वरखाली होतो? ज्याच्यासाठी होतो, त्याच्या बाजूला दिग्दर्शकाने मला बसवले आहे, असे समजावे.

हे माप लावून पाहिले, तर यांच्या उत्तम चित्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बाईला खरे दिसते आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. ‘द लेडी व्हॅनिशेस’ 1938 सालचा. आगगाडीतून एक वृद्ध बाई नाहीशी होते. तिच्यासोबत चहा घेतलेली तरुण मुलगी सर्वांना विचारते, तर जो तो म्हणतो, अशी बाई गाडीत नव्हतीच, तुझ्याच डोक्याला मार लागला आहे. मग डब्याच्या काचेवर त्या बाईने बोटाने लिहिलेले स्वतःचे नाव दिसते, तेव्हा आपल्याला केवढा धीर येतो!

1943 सालच्या ‘शॅडो ऑफ अ डाउट’मध्ये एका सुखी घरात लाडका मामा राहायला येतो. तो श्रीमंत विधवांचे खून करणारा आहे, हे एकट्या भाचीला उमगते. पण सांगणार कोणाला? भाऊ आला म्हणून आईचा आनंद गगनात मावत नाही. सांगावे तर आईचे काळीज फुटेल, न सांगावे तर आपलाच जीव जाईल. घरातली अब्रू आणि घरातले सत्य यांच्यामध्ये सापडलेली अशी मुलगी आपल्यापैकी कोणाला अनोळखी आहे? 1946 सालच्या ‘नोटोरियस’मध्ये नवरा आणि सासू मिळून सुनेला कॉफीतून थोडे थोडे विष देतात. पेला पडद्यावर मोठा दिसतो आणि आपण मनात ओरडतो, ‘अगं, पिऊ नकोस!’

आपण पाहिलेला ‘रिअर विंडो’ही यातच बसतो. त्यातल्या लिसाचे म्हणणे आठवा. बाई प्रवासाला निघाली तर आपली हातातली पिशवी, दागिने आणि लग्नाची अंगठी घरी टाकून जाईल का? नायकाचा मित्र पोलीस अधिकारी आहे, तो हे बायकी तर्क म्हणून उडवून लावतो. अखेर खरे कोणाचे ठरते? बाईचेच.

आता दुसरी बाजू. ‘सायको’त स्नानगृहातला खून सुमारे पाऊण मिनिटाचा, पण त्याच्या चित्रीकरणाला आठवडाभर लागला. कारागिरी मोठी आहे, यात शंका नाही. परंतु त्यानंतरचा प्रसंग आठवा. त्या मुलीचे प्रेत असलेली मोटार दलदलीत बुडवली जाते आणि मध्येच क्षणभर अडकते. त्या क्षणी आपण सर्वजणींनी श्वास रोखला होता, आणि मोटार बुडाली तेव्हा सोडला. म्हणजे काही मिनिटांपूर्वी जिच्यासाठी आपण हळहळलो, तिला बुडवणाऱ्याचीच आपल्याला काळजी लागली! काही समीक्षक म्हणतात, आपल्याच मनातला काळोख दाखवणे ही यातली थोरवी. आपल्यातल्या ज्या भगिनींना किळस आली, त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांचे मन त्या मुलीपाशीच थांबले होते, एवढाच त्याचा अर्थ.

1972 सालच्या ‘फ्रेन्झी’विषयी मात्र माझे मत स्पष्ट आहे. त्यात एका बाईचा छळ आणि खून पुरा दाखवला आहे. तिथे जीव वरखाली होत नाही, नुसता गुदमरतो. त्याच चित्रात पुढे दुसऱ्या बाईचा खून होतो तेव्हा कॅमेरा दारापासून मागे सरकत जिना उतरतो आणि रस्त्यावरच्या वर्दळीत येतो. काहीच दिसत नाही, आणि काटा अधिक येतो. ज्याला हे साधते, त्याला ते पहिले दाखवण्याची गरज काय होती?

‘व्हर्टिगो’वर सर्वांत मोठा वाद आहे. नायक एका साध्या मुलीला आपल्या मनातल्या बाईसारखे कपडे घालायला, केसांचा रंग बदलायला लावतो. लॉरा मल्व्ही यांनी 1975 साली लिहिले, की अशा चित्रांत आपण पुरुषाच्याच डोळ्यांनी बाईकडे बघतो. टानिया मोडलेस्की यांनी 1988 साली पुस्तक लिहून सांगितले, की प्रकरण इतके सरळ नाही, या चित्रांत बाईविषयी ओढ आणि भीती दोन्ही मिसळलेली आहेत. मला काय वाटले ते सांगते. ज्या फ्रेंच कादंबरीवरून हे चित्र घेतले, तिच्यात त्या मुलीचे रहस्य शेवटी फुटते. हिचकॉक यांनी ते बरेच आधी, एकट्या प्रेक्षकांना सांगून टाकले. त्यानंतर तो तिला नटवतो तेव्हा तिच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला ठाऊक असते, त्याला नसते. माझा जीव तिच्यासाठी तुटतो. म्हणून हे चित्र मी तिच्या बाजूचे मानते.

येथवर पडद्यावरच्या बायकांविषयी झाले. पडद्यामागच्या बायकांविषयी बोलले नाही तर माझे बोलणे अपुरे राहील. 1963 सालच्या ‘द बर्ड्स’मध्ये माळ्यावरच्या प्रसंगासाठी टिपी हेड्रन या नटीच्या अंगावर पाच दिवस जिवंत पक्षी सोडले गेले, त्यानंतर तिला विश्रांती घ्यावी लागली. हिचकॉक यांनी आपल्याशी गैरवर्तन केले, असे तिने 2016 सालच्या आत्मचरित्रात लिहिले. उत्तर द्यायला तेव्हा ते हयात नव्हते. किम नोव्हाकसारख्या नट्यांनी आपला अनुभव वेगळा होता असे सांगितले आहे. परंतु एकीला चांगले वागवले म्हणून दुसरीचे दुःख खोटे ठरत नाही. पुरण उत्तम झाले म्हणून चुलीशी भाजलेला हात झाकून ठेवावा, हे मला मान्य नाही.

आणि दुसरी बाई म्हणजे त्यांची पत्नी, आल्मा रेव्हिल. त्या नवऱ्यापेक्षा एकाच दिवसाने लहान. लग्नापूर्वीच त्या चित्रपटांची जुळणी करीत. पुढे पटकथाही लिहिल्या. ‘शॅडो ऑफ अ डाउट’च्या लेखकांत त्यांचे नाव आहे. ‘सायको’ तयार झाल्यावर मेलेल्या मुलीची किंचित हालचाल होते आहे हे कोणाला दिसले नव्हते, ते आल्माबाईंनी हेरले. 1979 साली मोठा सन्मान झाला तेव्हा हिचकॉक म्हणाले, की मी चार जणांचा ऋणी आहे. एक जुळणी करणारी, एक लेखिका, एक माझ्या मुलीची आई आणि एक उत्तम स्वयंपाक करणारी. आणि या चौघींचे नाव एकच. हे ऐकून बरे वाटते. पण नाव घ्यायला 1979 साल उजाडावे लागले असेल का, असेही मनात येते. म्हणून यापुढे आपण ‘हिचकॉकचे चित्र’ म्हणू तेव्हा त्यात आल्माबाईंचा हात धरूनच म्हणू या.

तेव्हा भगिनींनो, कार्यकारिणीला माझी विनंती अशी. सरसकट बंदी नको आणि सरसकट आरतीही नको. ‘द लेडी व्हॅनिशेस’, ‘शॅडो ऑफ अ डाउट’ आणि ‘नोटोरियस’ ही तीन चित्रे पुढील वर्षी जरूर लावावीत. ‘व्हर्टिगो’ लावावा, पण त्यानंतर चर्चेला तासभर राखून ठेवावा. ‘फ्रेन्झी’ मंडळात लावू नये. ज्यांना पाहायचा त्यांनी घरी पाहावा. आणि ज्यांना ‘सायको’ नकोसा झाला त्यांना कोणी भित्र्या म्हणू नये, ज्यांना आवडला त्यांना कोणी निर्दय म्हणू नये. प्रत्येकीने एवढेच सांगावे, की तुझा जीव कोणासाठी वरखाली झाला? त्या उत्तरातून चित्राची पारख होईलच, शिवाय आपली एकमेकींची ओळखही वाढेल.