उंची चिरुटाची किंमत आणि मोल

सोन्याचा कस दगडावर लागतो, हापूस आंब्याचा कस देंठाशीं नाक नेलें कीं कळतो, आणि वस्त्राचा कस दोन बोटांत पदर चोळून पाहिल्यावर उमगतो. जगांत कित्येक वस्तु अशा आहेत कीं त्यांची किंमत दुकानदार सांगतो, परंतु त्यांचें मोल गिऱ्हाइकाला स्वतःच ठरवावें लागतें. हवाना येथील उंची चिरूट ही अशांपैकींच एक वस्तु होय. वीतभर लांबीची, वाळलेल्या पानांची ती सुरळी. दोनअडीच घटकांत तिची राख होते. असें असतांहि तिच्यासाठीं एखाद्या कुटुंबाच्या आठवड्याच्या बाजाराएवढे पैसे मोजणारे लोक जगांत आहेत. ते समजून मोजतात कीं भुलून मोजतात, हा प्रश्न केवळ धूम्रपान करणारांचा नाहीं. नांवाला भुलून किंमत देण्याची संवय ज्या ज्या घरांत आहे, त्या त्या घराचा तो प्रश्न आहे.

१४९२ सालच्या नोव्हेंबरांत कोलंबसानें क्यूबा बेटाच्या अंतर्भागांत पाठविलेल्या दोन माणसांना तेथील रहिवासी पानांची गुंडाळी पेटवून तिचा धूर घेत असलेले दिसले. पुढें पोर्तुगीजांच्या गलबतांतून ही वनस्पति हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यास लागली आणि दक्षिणेंत पसरली. विजापूरच्या दरबाराहून परतलेल्या असद बेगानें १६०४ च्या सुमारास तंबाखू आणि तिच्यासाठीं सजविलेला हुक्का अकबर बादशहापुढें ठेविला. बादशहानें कांहीं झुरके घेतांच राजवैद्यानें हरकत घेतली. या वैद्याचें म्हणणें शेवटीं पुन्हा विचारांत घ्यावयाचें आहे; तूर्त चिरुटाकडे वळावें.

चिरुटाच्या पारखीची पहिली पायरी जमिनींत आहे. क्यूबाच्या पश्चिम टोंकास पिनार देल रिओ प्रांत आहे व त्यांत वुएल्टा अबाखो नांवाचा मुलूख आहे. तेथील तांबूस, भुसभुशीत, वालुकामय माती आणि हिंवाळ्यांतील कोरडी हवा हीं तंबाखूस फार मानवतात. एकाच रोपाचीं सर्व पानें मात्र सारखीं नसतात. तळाचीं पानें सौम्य असून चटकन पेटतात. त्यांना ‘वोलादो’ म्हणतात. मधलीं तीं ‘सेको’. सुगंध मुख्यतः त्यांचा. शेंड्याकडचीं पानें ऊन अधिक खातात, तेलकट व जाड होतात; तीं ‘लिखेरो’, आणि जोर त्यांचा. या तिघांच्या प्रमाणावर चिरुटाचा स्वभाव ठरतो. आंतील या सारणाला एक पान घट्ट धरून ठेवतें, आणि त्यावर शेवटचें नितळ पांघरूण चढतें. या पांघरुणाच्या पानांचीं रोपें विरळ कापडाच्या मांडवाखालीं वाढवितात, म्हणजे पानें पातळ, मोठीं व बिनडागी निपजतात.

दुसरी पायरी काळाची. पानें हातानें दोनदोन, तीनतीन अशीं खुडून लांकडी कोठारांत काठ्यांवर टांगतात. सुमारें ५० दिवसांत हिरवें पान पिवळें व मग तपकिरी होतें. नंतर त्यांचे ढीग रचतात. ढिगांत आपोआप ऊब धरते, पान जणूं घाम गाळतें, आणि त्यांतील अमोनिया वायु व पुष्कळसा कडवटपणा निघून जातो. लोणचें मुरावें तशी ही क्रिया आहे. तिला घाई खपत नाहीं. पुढें गठ्ठे बांधून पान ठेवून देतात, आणि लिखेरोसारखें दणकट पान तर दोन दोन वर्षें मुरत पडतें. जें पान या वाटेनें न जातां उतावळेपणानें बाजारांत येतें, तें जिभेला झोंबतें व घशांत खवखवतें. उंची चिरुटाच्या किंमतींतील पहिला प्रामाणिक भाग म्हणजे हा वाट पाहण्याचा मोबदला होय.

तिसरी पायरी हाताची. हवाना येथील कारागीर लांकडी फळीवर अर्धचंद्राकृति पातें आणि थोडा डिंक एवढ्याच साधनांनीं चिरूट वळतो. सारणाचीं पानें तो एकावर एक नुसतीं दाबीत नाहीं. त्यांच्या घड्यांमधून हवेला वाट राहील अशा रीतीनें जुळवितो. लिखेरो मध्यभागीं ठेवतो, कारण तें सावकाश जळतें. दिवसाकांठीं त्याच्या हातून शंभराच्या आसपास चिरूट उतरतात. आकार अवघड असला तर कमी. या कारखान्यांत १८६५ पासून एक सुंदर प्रथा चालत आली आहे. कामगार वळीत असतां उंच आसनावर बसलेला वाचक त्यांना वर्तमानपत्रें आणि कादंबऱ्या मोठ्यानें वाचून दाखवितो. ड्यूमाच्या कादंबरीवरून ‘मोंतेक्रिस्तो’ हें १९३५ मधील चिरुटाचें नांव याच वाचनामुळें पडलें असें सांगतात. लिहितां वाचतां न येणाऱ्या कामगारालाहि या प्रथेनें साहित्य ऐकविलें.

आतां खुद्द परीक्षा. जाणता माणूस प्रथम डोळ्यांनीं पाहतो. पांघरुणाच्या पानाला शिरा फार नसाव्यात, रंग एकसारखा असावा, अंगावर तेलाची मंद झाक असावी. मग तो बोटांनीं हलकेच दाबीत टोंकापासून टोंकापर्यंत जातो. कोठें पोकळ लागलें, तर चिरूट तेथें भरभर जळून तापेल. कोठें गांठ लागली, तर धूर अडेल. नंतर टोपीचें टोंक बेतानें कापून, न पेटवितांच एक झुरका घेतो. या कोरड्या झुरक्यांत वाळलेलें गवत, लांकूड, कोको यांच्यासारखे वास येतात आणि धुराची वाट मोकळी आहे कीं नाहीं तेंहि कळतें. पेटवितांना तो टोंक ज्योतींत खुपशीत नाहीं. ज्योतीच्या वर धरून, फिरवीत, कडा सर्वत्र सारख्या लाल करतो.

चिरुटाचा धूर छातींत ओढावयाचा नसतो. तो तोंडांत घोळवावयाचा, आणि परीक्षक त्यांतील थोडा नाकावाटे सोडतात, कारण चव म्हणून जें म्हणतात त्यांतील मोठा वांटा वासाचा असतो. घाईनें झुरके घेतल्यास चिरूट तापतो व सर्वच चवी कडू होतात. मिनिटास एकाहून अधिक झुरका नको असा सामान्य नियम आहे. चिरुटाचे तीन भाग मानतात. पहिल्यांत तो ओळख देतो, दुसऱ्यांत खुलतो, तिसऱ्यांत जोर दाखवितो. ख्यालाप्रमाणें चांगला चिरूट क्रमानें उलगडत जातो. सुमार चिरूट एकच स्वर धरून बसतो व शेवटीं बेसूर होतो. राख घट्ट व लांब राहिली, तर सारण अखंड पानांचें आहे असें समजावें. मात्र पांढरी राख म्हणजे उत्तम चिरूट हा समज पक्का नव्हे, कारण राखेच्या रंगावर मातींतील क्षारांचाहि परिणाम होतो. तसेंच काळसर चिरूट कडक आणि जाड चिरूट भारी, हेहि ऐकीव समज आहेत. जोर सारणांत असतो, रंगांत किंवा जाडींत नाहीं.

साठवणुकीनेंहि उत्तम वस्तु बिघडते. चिरुटाला ६५ ते ७० टक्के आर्द्रता व थंडावा लागतो. मुंबईच्या पावसाळ्यांत उघडा राहिलेला चिरूट बुरसतो. उन्हाळ्याच्या उष्म्यांत तंबाखूच्या किड्याचीं अंडीं फुटून त्याला भोंकें पडतात. तेव्हां विकणाराच्या पेटीची हवा तपासल्याशिवाय चिरुटाच्या नांवाला दाम देणें व्यर्थ होय.

येथवरच्या सर्व गोष्टी वस्तूच्या अंगच्या आहेत. परंतु किंमतींत याहून निराळ्या गोष्टीहि शिरतात. १९६० मध्यें क्यूबाच्या सरकारनें तंबाखूचे कारखाने ताब्यांत घेतले. जुने मालक परदेशीं गेले, आणि पार्तागास, रोमिओ इ हुलिएता, एच. उपमन अशा नांवांचे चिरूट एकीकडे क्यूबांत तर दुसरीकडे डोमिनिकन प्रजासत्ताकांत होऊं लागले. नांव एक, माती दोन! नांव हा पुरावा नव्हे, याचें याहून ठळक उदाहरण क्वचित् सांपडेल. फेब्रुवारी १९६२ मध्यें अमेरिकेनें क्यूबाशीं व्यापार बंद केला. हुकमावर सही करण्यापूर्वीं अध्यक्ष केनेडी यांनीं आपल्याकडून स्वतःसाठीं एका रात्रींत १२०० चिरूट जमवून घेतले, असें त्यांचे वृत्तसचिव सॅलिंजर यांनीं पुढें सांगितलें. बंदी घालणारालाच मोह आवरला नाहीं. मग बंदीनें त्या मालाभोंवतीं केवढें वलय निर्माण केलें असेल, हें निराळें सांगावयास नको.

खरी कसोटी २०२२ सालीं लागली. हवानाचे चिरूट जगभर विकणाऱ्या संस्थेनें ‘कोहिबा’ व ‘त्रिनिदाद’ या दोन छापांचे दर सर्वत्र हाँगकाँगच्या बाजारभावाला नेऊन बसविले. कित्येक देशांत ते दुप्पट, कोठें त्याहूनहि अधिक झाले. दर वाढला त्या दिवशीं दुकानांत पडून असलेल्या चिरुटाचें पान बदललें नव्हतें, हात बदलला नव्हता, मुरण्याचा काळहि बदलला नव्हता. बदलली होती ती फक्त चिठ्ठी. त्याच सालच्या सप्टेंबरांत इयन नांवाच्या वादळानें पिनार देल रिओमधील हजारों कोठारें जमीनदोस्त केलीं. या दुसऱ्या कारणानें माल महागला तर तें समजण्यासारखें आहे, कारण तेथें शेतकऱ्याचें खरोखरच नुकसान झालें. टंचाई निसर्गाची कीं चिठ्ठीची, हा भेद ज्याला करतां येतो, तो अर्धा पारखी झाला.

माणसाची जीभ मात्र या भेदाला सहज फसते. २००८ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच मद्य लोकांना एकदां ९० डॉलरचें म्हणून दिलें व एकदां १० डॉलरचें म्हणून दिलें; लोकांना ९० डॉलरचें अधिक रुचलें. नुसता शब्दांतच नव्हे, तर मेंदूंतील सुखसंवेदनेच्या भागांतहि फरक नोंदला गेला. म्हणजे ते खोटें बोलत नव्हते. किंमतच त्यांच्या जिभेवर बसली होती. म्हणून खरे परीक्षक चिरुटाच्या कमरेची कागदी पट्टी काढून घेतात आणि छाप न सांगतां, केवळ क्रमांक देऊन परीक्षा करतात. हा उपाय घरींहि करतां येण्यासारखा आहे व तो चिरुटापुरताच नाहीं. चहा, अत्तर, तूप, तांदूळ, कशाचीहि पारख करावयाची, तर आधीं वेष्टन दूर ठेवावें.

या दृष्टीनें त्रिचनापल्लीचा चिरूट आठवणें अप्रस्तुत होणार नाहीं. दक्षिणेंतील हा कडक, दोन्ही टोंकें उघडी असलेला चिरूट एके काळीं विलायतेपर्यंत जात असे. १८८७ सालच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या कादंबरींत शेरलॉक होम्स केवळ राखेवरून तो ओळखतो. हवानाचें सौंदर्य त्यांत नसेल. परंतु जें आहे तें तो लपवीत नाहीं, आणि त्याच्या किंमतींत नांवाचा भार फारसा नसतो. मोलाला किंमतीनें भागलें तर कधीं कधीं असा साधा मालच वरचढ ठरतो.

उलट पक्षीं, ज्या कारागिराच्या बोटांतून कोहिबाचा चिरूट उतरतो, त्याला आपल्या महिन्याच्या सरकारी वेतनांत त्या चिरुटांची एक पेटी विकत घेतां येणार नाहीं. गिऱ्हाईक देतो त्या दामांतील किती भाग मातीला व हाताला पोंचतो, आणि किती जकातीला, मध्यस्थाला व मिरवण्याच्या हौसेला जातो, हाहि पारखीचाच भाग मानला पाहिजे.

शेवटीं अकबराच्या राजवैद्याकडे परत यावयाचें. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, तरी त्याची शंका खरी ठरली. धूर छातींत न ओढतांहि चिरुटामुळें तोंड, घसा व अन्ननलिका यांचे कर्करोग होतात हें आज सिद्ध झालें आहे. एका मोठ्या चिरुटांत सिगारेटच्या एका पाकिटाएवढी तंबाखू असूं शकते, आणि पान उंची असलें म्हणून त्याचें विष कमी होत नाहीं. दुकानदार हा आंकडा पावतीवर मांडीत नाहीं. शरीर तो आपल्या वहींत मांडून ठेवतें.

तेव्हां उंची चिरुटाचें मोल ठरविणाराला दोन हिशेब करावे लागतात. पहिल्यांत माती, काळ आणि हात यांची जमा, व नांव, वलय आणि चिठ्ठी यांची वजाबाकी. दुसऱ्यांत शरीराचें देणें. पहिला हिशेब नीट करणारा मनुष्य रसिक ठरतो. दोन्ही हिशेब करून, चिरुटाची पट्टी काढून, डोळे उघडे ठेवून जो आपला निर्णय घेतो, तोच खरा पारखी. मग त्यानें तो चिरूट पेटविला काय, किंवा पेटींत तसाच परत ठेविला काय.