पाणी खाली, हंडे वर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उन्हाळ्यात मुंबईहून सूर्यमाळला गेलेला माणूस हवेवर खूश होऊन परततो. मोखाडा तालुक्यातले हे उंच पठार. रात्री पांघरूण लागते, देवबांधच्या गणपतीचे दर्शन होते. सकाळी रस्त्याच्या कडेने डोक्यावर दोन-दोन हंडे घेतलेल्या बाया दिसतात आणि पाहुणा त्यांचा फोटो काढतो. त्या फोटोत जे येत नाही, त्याबद्दल मला आज बोलायचे आहे.

जव्हार-मोखाड्यात पाऊस कमी नाही. वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पडतो, पण चार महिन्यांत. वर थोडी माती, खाली काळा कातळ आणि सगळा उतार. पडलेले पाणी थांबतच नाही. ओढ्यांतून वैतरणेला, नाहीतर वाघ नदीला जाऊन मिळते. होळी झाली की विहिरीत झिरा उरतो. मग टँकर. तो विहिरीत रिकामा होतो आणि अख्खा पाडा काठावर जमतो. मी त्या भागात बरीच वर्षे जातो आहे. बादलीने पाणी ओढताना बायका काठावरून किती वाकतात ते पाहवत नाही.

याच तालुक्यात कोचाळे गावाजवळ मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधले. उंची १०२ मीटर, वर्ष २०१४. तिथून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळते. मुंबईने तहानलेले राहावे असे इथला कोणीही म्हणत नाही. अडचण अशी सांगतात की धरण दरीत आणि पाडे वर; पाणी चढवायला पंप हवा, वीज हवी, बिल कोणी भरायचे? अडचण खरी आहे. पण मुंबईपर्यंत पाणी नेतानाही अडचणी होत्याच की! त्या सुटल्या. आता दमणगंगा-पिंजाळ योजनेत वाघ नदीवरही धरणाचा प्रस्ताव आहे, आणि तेही पाणी मुंबईसाठीच.

पाण्याबरोबर दुसरी गोष्ट येते. नागली-वरई निघाली की शेतात करण्यासारखे काही उरत नाही. दिवाळी झाली की वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी कुटुंबे बिऱ्हाड बांधून वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. पोरे बरोबर. गरोदर बाईसुद्धा बरोबर. तिचे नाव राहते पाड्यावरच्या अंगणवाडीच्या वहीत आणि ती असते भिवंडीजवळ कुठेतरी भट्टीवर. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये आली. योजना चांगलीच आहे, पण ताट एका गावात आणि जेवणारी दुसऱ्या गावात!

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ साली बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. २०१६ मध्ये मोखाड्यातून पुन्हा त्याच बातम्या आल्या. मधल्या काळात सरकार स्वस्थ बसले होते असे नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. वनहक्काचा कायदा २००६ चा. पट्टे मिळाले, तरी कसतो त्यापेक्षा कमी जमीन कागदावर आली ही तक्रार ऐकू येतेच. पेसा कायदा १९९६ चा. त्याचे राज्यातले नियम मात्र २०१४ मध्ये झाले. अठरा वर्षे! तेवढ्यात पोर जन्मून मतदार होते.

माझ्या मते गाठ बसते ती भाद्रपदात. तेव्हा घरातली कणगी रिकामी असते, नागली अजून शेतात उभी असते, आणि नेमका त्याच वेळी मुकादम उचल द्यायला येतो. रोख रक्कम हातावर ठेवतो. सरकारी कामाची मजुरी मात्र काम केल्यावर, मोजमाप झाल्यावर, बँकेत जमा होते, बँक तालुक्याला. ज्या महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीच केला, त्याला हे वेळापत्रक ठाऊक नसावे? झरे बांधून घ्यायचे असोत, बांधबंदिस्ती असो, कामांची यादी ग्रामसभेत श्रावणातच मंजूर व्हायला हवी आणि पहिल्या हप्त्याचे पैसे पाड्यावर पोचायला हवेत. मुकादमाने उचल दिली की मग पुढचे सहा महिने त्या घराला कुलूप असते.