आजीचे मराठी आणि फोनचे मराठी



आम्हाला विषय दिला आहे 'शाळेतील बदल आणि नवी साधने'. भाषण एकीने वाचायचे असले तरी ते आम्ही सातजणींनी मिळून लिहिले आहे. म्हणून यात 'मी' नाही, 'आम्ही' आहे. आम्ही म्हणजे प्राथमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या बायका. आमच्यातल्या बहुतेकींनी पन्नाशी ओलांडली आहे आणि कुणीच संगणकतज्ज्ञ नाही. शिक्षक-प्रमाणपत्र घेतले तेव्हा आमचे साधन म्हणजे खडू, फळा आणि स्टेन्सिल कापताना शाईने माखलेली बोटे.

आपल्या मुलांची स्थिती आपल्याला ठाऊकच आहे. शाळेचे माध्यम इंग्रजी, सोबत फ्रेंच, पटांगणात आणि घरात क्रिओल. मराठीच्या तासाला निरनिराळ्या वर्गांतली मुले एका खोलीत येतात. आमच्यातल्या एकीच्या शाळेत एका वर्षी सहावीला मराठीची चारच मुले होती. काही विचारले की उत्तर येई, "मिस, मो पा कोने." आम्ही फळ्यावर शब्द लिहायचो, समोर अर्थ लिहायचो, मुले पाठ करायची. परीक्षेत गुणही बरे मिळायचे. पण दुकानात आम्ही त्याच मुलाशी मराठीत बोललो, तर तो आईच्या मागे लपायचा. इतकी वर्षे आम्ही काय शिकवले, असे त्या वेळी मनात यायचे.

साधने आम्हाला मिळाली नाहीत असे नाही. वर्गात इंटरॅक्टिव्ह फळे आले, लहान वर्गांना टॅब्लेट आले. मराठीसाठी त्यांत फारसे काही नव्हते, म्हणून आम्ही घरी रात्री जागून प्रश्नपत्रिका टाइप करायचो. कुणाकडे एक फॉन्ट, कुणाकडे दुसरा. वाक्वाहून पाठवलेला पाठ कात्र बोर्नच्या संगणकावर उघडला की सगळी अगम्य चिन्हे! युनिकोड आले आणि एकीने लिहिलेले दुसरीला जसेच्या तसे दिसू लागले. ऐकायला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण पाठांची देवाणघेवाण त्यामुळेच शक्य झाली. त्याआधी प्रत्येक शिक्षिका आपल्या खोलीत एकटी होती.

मग 2020च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. टीव्हीवर पाठ सुरू झाले, मोठ्या वर्गांचे तास झूमवर होऊ लागले. आमच्या मुलांच्या घरी मात्र पुष्कळदा एकच फोन, त्यात डेटा थोडा, आणि तिन्ही भावंडांना तो एकाच वेळी हवा. व्हिडिओ पाठवणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून आम्ही मिनिटभराची गोष्ट किंवा पाच प्रश्न आपल्या आवाजात बोलून व्हॉट्सअॅपवर पाठवू लागलो. मुलाने उत्तर बोलून परत पाठवायचे.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट घडली, जी आमच्या कुठल्याच पाठनियोजनात नव्हती. मुलाच्या उत्तरामागे दुसरा आवाज ऐकू येऊ लागला. कुणाची आजी, कुणाची पणजी. "असं न्हाय रं, असं म्हन." मुलाला येईना तेव्हा आजीनेच उत्तर द्यायला सुरुवात केली. बाम्बूच्या एका आजींनी तर आमच्या पाच प्रश्नांना पाच मिनिटांचे उत्तर पाठवले. ऊसतोडणी, गणपतीची माती, सासूने शिकवलेली झाकडीची गाणी, सगळे त्यात आले. शाळेत आम्ही जे मराठी शोधत होतो ते त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात बसले होते. त्याला कुणी काही विचारत नव्हते, एवढेच.

आता ज्या प्रसंगामुळे हे भाषण लिहावेसे वाटले, तो सांगतो. शाळा उघडल्यावर आमच्यातल्या एकीने वर्गात फोनची एक गंमत दाखवली. आपण बोलायचे, फोन मराठीत लिहितो. मुले हरखली. ज्याला 'ळ' म्हणायचा कंटाळा, त्याने 'गोळा' म्हणायला जाऊन 'गोला' म्हटले आणि फोनने 'गोला'च लिहिले. आम्ही वर्षभर सांगून जे झाले नव्हते ते फोनने दोन मिनिटांत केले. पोरगा दहा वेळा 'गोळा, गोळा' करत बसला. आम्ही खूश झालो.

दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीने घरी आजीसमोर फोन धरला. आजी म्हणाल्या, "ब्रेद निवडाया बसलीया." फोनने लिहिले, 'ब्रेड निवडणूक'. घरात सगळे हसले, आजीही हसल्या. पण मुलगी वर्गात येऊन म्हणाली, "मिस, आजीचं मराठी चुकीचं आहे. फोनला कळत नाही."

आम्हाला हसू आले नाही. कारण फोनच्या आधी हे आम्हीच शिकवले होते. 'न्हाय' खोडून 'नाही' करणाऱ्या लाल पेनाच्या खुणा आमच्याच होत्या. पुस्तकातली भाषा शिकवणे आमचे काम आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. पण कोकणातून जहाजात चढलेल्या माणसांनी जी भाषा आणली, तिला चुकीची ठरवण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला होता?

त्याच वर्षी मुलांना घेऊन आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहायला गेलो. ते दगडी पायऱ्यांचे ठिकाण आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तिथे उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळाला आणि कारकुनाने नाव जसे ऐकू आले तसे नोंदवहीत लिहिले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या आहेत. आपल्यापैकी अनेकांनी तिथून आपल्या पूर्वजाचा कागद काढून आणला आहे. बापाचे पाळण्यातले नाव मुलाचे आडनाव झाले, स्पेलिंग बदलले, आणि तेच आज आपल्या ओळखपत्रावर आहे. परतताना बसमध्ये ती ब्रेदवाली मुलगी म्हणाली, "मिस, त्या माणसाला पण कळलं नाही, फोनसारखं." आमच्यातल्या एकीने खिडकीकडे तोंड फिरवले, ते अजून आम्हाला आठवते.

त्यानंतर आम्ही ठरवले की आठवड्यातला एक तास आजीचा. पद्धत साधी आहे. मुलाने घरातल्या वडीलधाऱ्याला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर फोनवर ध्वनिमुद्रित करायचे. प्रश्न आम्ही देतो: पहिली चूल कुठे होती? टॅब्लिसमांमध्ये मराठी घरे किती होती? बैठकेत कोण शिकवायचे? वर्गात ते उत्तर दोनदा ऐकायचे. पहिल्यांदा मुले आजीचे शब्द जसेच्या तसे वहीच्या डाव्या पानावर लिहितात. दुसऱ्यांदा तेच पुस्तकातल्या मराठीत उजव्या पानावर. डावे पान आम्ही लाल पेनाने तपासत नाही. चांगली ध्वनिमुद्रणे आम्ही सातजणी एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवतो. कास्कावेलच्या आजोबांनी सांगितलेली गणपतीची गोष्ट त्यामुळे आता दुसऱ्या टोकाच्या शाळेतही ऐकली जाते.

विरोध झाला नाही असे नाही. एका वरिष्ठांनी विचारले, "हे परीक्षेत येणार आहे का?" खरे तर प्रश्न रास्त होता. सीपीईची जागा 2017 पासून पीएसएसीने घेतली तरी सहावीच्या पालकांच्या कपाळावरची आठी तीच आहे. एक वडील तर मुलाचे मराठी सोडवण्याचा अर्ज घेऊनच आले होते. आम्ही वाद घातला नाही. उजवे पान दाखवले. जो मुलगा चार ओळींचा निबंध पाठ करून लिहायचा, त्याने आजीच्या बोलण्यावरून दीड पान लिहिले होते, चुका होत्या पण वाक्ये त्याची स्वतःची होती. वडिलांनी डावे पानही वाचले. त्यांना देवनागरी सावकाश वाचता येते. आईचे शब्द वाचताना त्यांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला. (पुढच्या वर्षी धाकट्या मुलीला मात्र त्यांनी मराठीला घातले नाही, हेही सांगायला हवे.)

आमच्या हातून एक चूकही झाली. एका आजींचे बोलणे इतके गोड होते की ते आम्ही न विचारता दुसऱ्या शाळेच्या पालकांना पाठवले. तिथून ते कुठे कुठे गेले, आणि कुणीतरी त्यावर नकला करून हसणारा आवाज जोडला. आजींच्या कानावर ते गेले. त्यांनी नातवाशी मराठी बोलणेच बंद केले, दोन महिने. आम्ही घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण फोन समोर आला की आजही त्या पदर तोंडावर घेतात. तेव्हापासून आमचा नियम आहे: आधी विचारायचे, कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि फोल्डर शिक्षिकांबाहेर उघडायचे नाही.

फोनला अजूनही आजी कळत नाहीत. आता मुलेच बाजी लावतात, आज आजीच्या वाक्याचे फोन काय करील. तो जितका जास्त चुकतो तितक्या टाळ्या आजींना.

ज्यांच्या घरी सत्तरीपुढची माणसे आहेत आणि घरात मराठी बोलतात, त्यांना एक विनंती. जेवणाच्या मांडवाच्या डाव्या बाजूला टेबल मांडले आहे, तिथे आमच्यातल्या दोघी फोन आणि संमतीचे कागद घेऊन बसल्या आहेत. आजी-आजोबांना गर्दी होण्याआधी तिकडे आणा. खुर्चीला उशी आहे. प्रश्न मुलेच विचारतील.