कडांचा शोध : यंत्राचा आणि माणसाचा



अंगणातल्या रांगोळीत चार रेषांचा मोर उमटतो. त्याला रंग नसतो, पिसे नसतात. तरी पाहणारे मूल त्याला मोरच म्हणते. पाहण्याचे मर्म कडांमध्ये आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९५९ साली मांजरावरील प्रयोगांतून दाखवून दिले की, मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील काही पेशी विशिष्ट दिशेच्या रेषा वा कडा दिसल्या तरच उद्दीपित होतात. दृष्टिविषयक संशोधनासाठी १९८१ मध्ये ते नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले.

संगणकापुढे मात्र मोर नसतो, अंकांचा तक्ता असतो. साध्या कृष्णधवल चित्रात ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. शेजारच्या अंकांत एकदम मोठा फरक पडला, की तेथे कडा असण्याचा संभव. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड येथे अर्विन सोबेल यांनी तीन ओळी व तीन स्तंभांची चौकट चित्रभर फिरवून हा फरक मोजण्याची रीत मांडली.

परंतु प्रत्येक फरक ही कडा नव्हे. अंधुक प्रकाशात टिपलेल्या चित्रात खोटे ठिपकेही उमटतात. जॉन कॅनी यांनी १९८६ च्या शोधनिबंधात तीन कसोट्या ठेवल्या : खरी कडा सुटू नये, ती जागच्या जागी सापडावी आणि एका कडेची एकच रेषा उमटावी. त्यासाठी चित्र प्रथम किंचित मऊ करायचे, फरक मोजायचा, जाड रेषा बारीक करायची आणि शेवटी दोन मर्यादा लावायच्या. समजा, त्या १०० आणि २०० आहेत. २०० च्या वरची कडा पक्की. १०० च्या खालची बाद. मधली दुबळी कडा एखाद्या पक्क्या कडेशी जोडलेली असेल तरच स्वीकारायची.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. चित्र फार मऊ केले, तर क्ष-किरण चित्रातील हाडाची केसाएवढी चीर खोट्या ठिपक्यांबरोबरच पुसली जाईल. मर्यादा फार खाली आणली, तर नसलेल्या चिरा दिसू लागतील. आज ओपनसीव्ही या मुक्त प्रणालीत एका ओळीच्या आज्ञेने कडा मिळतात. मात्र त्या दोन मर्यादा आज्ञा देणाऱ्यालाच ठरवाव्या लागतात.

म्हणून आपल्या तरुणांनी केवळ आज्ञा पाठ करून थांबू नये, तिच्यामागचे गणितही आत्मसात करावे. काय राखावे आणि काय पुसावे, हा विवेक यंत्राला माणूसच देतो. त्याचे उत्तरदायित्वही माणसाचेच आहे.