जुना पूल आणि नदीचा पूर

नदीवर पूल बांधतांना आपण कांठावरच्या वाटसरूचा विचार करतों. नदीलाहि वाट हवी असते, हें मात्र विसरतों. जुन्या पुलांचे खांब जाड आणि कमानी अरुंद असत. पुराचें पाणी तेथें अडतें, वाहून आलेलीं झाडें कमानींत गुंततात, आणि वरच्या बाजूचें पाणी चढून वस्तींत शिरतें. पूल नकळत बंधारा होऊन बसतो.

याचें प्रसिद्ध उदाहरण लंडनच्या थेम्स नदीवरील जुन्या पुलाचें. तो १२०९ सालीं पुरा झाला. नदीची रुंदी सुमारें ९०० फूट. परंतु जाड खांब व त्यांच्या पायांभोंवतीं खुंट ठोकून केलेले ओटे यांमुळें ओहोटीच्या वेळीं पाण्याला मोकळी वाट चौथ्या हिश्श्याहूनहि कमी उरे. पुलाच्या दोन बाजूंच्या पातळींत ५-६ फुटांपर्यंत फरक पडे, आणि कमानीखालून नाव नेणें हें जिवावरचें काम असे.

१७५९ सालीं मधल्या दोन कमानींची एक मोठी कमान करण्यांत आली. तेव्हां तेथून प्रवाह इतक्या जोरानें सुटला, कीं शेजारच्या खांबांखालचा तळ खरवडला जाऊं लागला. अखेर जॉन स्मीटन या इंजिनियराच्या सल्ल्यानें शहराच्या पाडलेल्या वेशींचे दगड नदींत टाकून पाया सांवरावा लागला.

१८३१ सालीं ५ रुंद कमानींचा नवा पूल खुला झाला आणि जुना पाडण्यांत आला. वरून येणाऱ्या पुराला वाट मिळाली. पण थेम्समध्यें समुद्राची भरतीहि येते. तीहि आतां अधिक वर चढूं लागली. प्रवाहाचा वेग वाढून वेस्टमिन्स्टर व ब्लॅकफ्रायर्स येथील पुलांचे पाये झिजूं लागले. त्यांच्या जागीं अनुक्रमें १८६२ व १८६९ सालीं नवे पूल उभे राहिले.

यावरून जुना पूल पाडूंच नये, असें कोणी समजूं नये. शेजारीं नवा पूल बांधून जुन्याचे निकामी खांब पात्रांत तसेच ठेवणें ही काटकसर नव्हे. तिची किंमत वरच्या गांवाला दर पुरांत मोजावी लागते. मात्र कुदळ मारण्यापूर्वीं त्या खांबांनीं किती पाणी अडविलें होतें, आणि सुटल्यावर तें कोणाच्या दारीं जाईल, हें मोजलें पाहिजे. वरच्या गांवाचें संकट खालच्या गांवावर ढकलणें म्हणजे पूरनिवारण नव्हे.