भिंतीवरचे चेहरे
(रौप्यमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



बडोद्याच्या माणसाला तसबिरीचे महत्त्व सांगावयास नको. राजवाड्यात रविवर्म्याची चित्रे, घरोघरी श्रीमंत सयाजीराव महाराज, आणि १९५० पासून विद्यापीठाची ललितकला शाखा! अशा गावात, ज्यांच्या तसबिरी कोणी फारशा जपल्या नाहीत अशा शेजाऱ्यांविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

हे शेजारी म्हणजे शिद्दी. पूर्व आफ्रिकेतून गुलाम, शिपाई, खलाशी म्हणून शतकानुशतके जे लोक इकडे आले, त्यांचे हे वंशज. आपल्या जवळच, भरूच जिल्ह्यात, अकीकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या रतनपूरच्या टेकडीवर त्यांच्या बावा गोरचा दर्गा आहे. मनाचे दुखणे घेऊन हिंदू, मुसलमान, पारशी तेथे जातात आणि शिद्दी मुजावरांपुढे हात जोडतात. तोच शिद्दी शहराच्या रस्त्यात भेटला की लोक त्याला परदेशी समजतात! बोलतो मात्र आपल्या शेजाऱ्यांसारखीच गुजराती.

आम्हां मराठी मंडळींची गोष्ट याहून निराळी नाही. आम्हांस शाळेत जंजिऱ्याचा सिद्दी शिकविला, तो शत्रू म्हणून. मलिक अंबरचे नाव त्या मानाने ओझरतेच आले. हा मनुष्य हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. पुढे निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला. पुढे औरंगाबाद झालेल्या खडकीची वसाहत १६१० साली त्याची, आणि १६२४ साली भातवडीच्या रणांगणात त्याच्या बाजूने लढले ते शहाजीराजे.

त्याची दोन चित्रे सांगण्याजोगी आहेत. पहिले सुमारे १६१६ चे, जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या अबुल हसनचे. ते आज डब्लिन येथे आहे. भाल्यावर अंबरचे तोडलेले मस्तक, त्यावर घुबड, आणि बादशहा त्यावर बाण सोडीत आहे. वस्तुतः ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही! अंबर १६२६ साली वार्धक्याने वारला, खुलदाबादेस त्याची कबर आहे. रणांगणात जे साधले नाही ते कागदावर उरकून घेतले. दुसरे चित्र हाशिमचे, सुमारे १६२० चे, लंडनच्या संग्रहालयात. त्यात काळा वृद्ध चेहरा, पांढरा अंगरखा, तलवार. थट्टा नाही, द्वेष नाही. हाशिमने रंग फिका केला नाही, हे आम्हांस फार मोठे वाटते.

असे का वाटते, ते सांगतो. आमची आजी काळी होती. तिच्या पश्चात एका फोटोवरून मोठी तसबीर करविली. रंगाऱ्याने तिला गोरी केली. घरातील सर्वांनी तोंड भरून वाखाणणी केली, आम्हीही केली. मात्र तिची धाकटी बहीण भेटावयास आली, तसबिरीपुढे बराच वेळ उभी राहिली, आणि म्हणाली, "ही कोण?" आम्हांपाशी उत्तर नव्हते. आपल्या घरातला काळा रंग आम्हीच पुसला, मग शिद्द्याच्या मुलाला 'तू कुठला?' असे विचारणाऱ्याला काय बोल लावावा?

मुंबईच्या केतकी शेठ यांनी शिद्द्यांची छायाचित्रे घेऊन २०१३ साली त्यांचे पुस्तक काढले. कृष्णधवल, थेट डोळ्यांत पाहणारी माणसे. पुस्तक महाग, ज्यांची चित्रे आहेत त्यांच्या भिंतीपर्यंत ते सहज पोहोचावयाचे नाही.

म्हणून विश्वस्तांपुढे एक मागणे ठेवितो. महोत्सवाच्या निधीतून ललितकला शाखेच्या दोन-चार विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च द्यावा. त्यांनी रतनपुरास जावे, जे स्वखुशीने बसतील त्यांचीच चित्रे काढावी, आणि मूळ चित्र त्या घरी ठेवून यावे. आपल्या सभागृहासाठी फक्त प्रत आणावी, तीही त्यांनी होकार दिला तर. आजीचा मूळ फोटो आमच्यापाशी आहे. त्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तयार असेल, तर पहिले काम आम्ही आमच्या घरचेच देऊ.